पहिल्या तोंडाचा जबाब

"तू मला ओळखत नाहीस? मेजुमा, माझ्याकडे बघून सांग. तू मला ओळखत नाहीस?"

"हळू. तेल उडतंय."

"उडू दे! भाजू दे! अगं, सगळा जन्म तुझ्या चुलीला चूल लावून बसले मी, आणि तू त्या माणसाला सांगतेस, मिझे फाकी नावाची बाई ह्या गावात नाही? कधी ऐकलंच नाही हे नाव?"

"मग काय सांगायला हवं होतं? ये बाबा, बस, हा घे पाट, ही बघ आमची मिझे, ने धरून? बूट घातले होते त्यानं, मिझे! बूट! ह्या वाळूत बूट घालून कोण येतं?"

"सरकार येतं."

"तेच तर म्हणते मी!"

"सगळं सरकार पकडायलाच येतं का गं? हा द्यायला आला होता!"

"ते काय त्याच्या कपाळावर लिहिलं होतं?" मेजुमानं कढईतले मासे पालथे केले. तेल चरचरलं. "मला काय स्वप्न पडलं? तू अर्ज केलास, तिकडे मोठ्या ऑफिसात जाऊन मुलाखत देऊन आलीस, हे मला कोणी सांगितलं? तू सांगितलंस? शेजारणीला सर्दी झाली तरी मला सांगतेस, आणि हे नाही सांगितलंस. का?"

मिझेनं टोपलीतला मासा उचलला. हातातला मासा आधीच साफ झालेला होता, तरी ती त्याच्यावरून सुरी फिरवत राहिली.

"बघ," मेजुमा म्हणाली. "आता कोण बोलत नाहीये?"

किजिवेनीच्या किनाऱ्यावर मासे तळणाऱ्या बायकांची एक रांग आहे. होड्या लागतात तिथून जरा वर, नारळीच्या सावलीत. मोठी मासळी हॉटेलवाले आणि बर्फवाले उचलतात. उरलेली बारीक मासळी ह्या बायका घेतात, मीठ-हळद लावून तळतात आणि दुपारपर्यंत विकून मोकळ्या होतात. रांगेत पहिली कढई मेजुमाची, दुसरी मिझेची. ही रांग कोणी ठरवली नाही, पण कोणी मोडलीही नाही.

त्या दिवशी सकाळी चीफ मंगाले स्वतः चालत रांगेपाशी आले होते. चीफ म्हणजे सरकारनं नेमलेले गावप्रमुख, पण गावचेच, इथल्याच वाळूत नागडे खेळलेले. त्यांनी मिझेला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "मिझे, तुझी शेवटची चौकशी झाली. साहेब येऊन गेले. त्यांनी वर कळवलंय की ह्या नावाची बाई इथं राहत नाही, शेजारपाजारचं कोणी ओळखत नाही."

"कोणी म्हणजे कोण?"

"साहेबांनी रांगेतल्या सगळ्याजणींना विचारलं. सगळ्या एकच बोलल्या. आता शुक्रवारी माझ्या ऑफिसात शेवटची बैठक आहे. शेजारचा साक्षीदार आण, इथलं किपांडे असलेला. नाहीतर अर्ज फेटाळतील, आणि एकदा फेटाळला की..." चीफनी पुढचं हवेतच सोडून दिलं.

किपांडे म्हणजे ओळखपत्र. हातात मावणारा एवढासा तुकडा, पण त्याच्यावाचून माणूस उभा असला तरी तिथं नसतो.

मिझे आईच्या मांडीवर बसून ह्या किनाऱ्याला लागली. बाप, फाकी मकामे, पेंबा बेटावरचा कोळी. पेंबाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेचं वारं सुटलं की शीड उभारून इकडे यायचे, मासळी मारायचे, आणि वारं उलटलं की परत जायचे. काही परत गेले नाहीत. फाकी गेला नाही. इथं मासळी होती, लोक आपल्याच भाषेत बोलत होते, मशिदीत त्याच्यासाठी जागा झाली होती. समुद्रात मध्ये कोणी रेघ मारलीय आणि आपण तिच्या अलीकडे आलोय, हे त्याला फार उशिरा कळलं. पोलिसांनी त्याला पहिल्यांदा होडीत बसवून परत पाठवलं तेव्हा मिझे दोरीवरच्या उड्या मारत होती. दक्षिणेचं वारं सुटल्यावर फाकी परत आला आणि विचारू लागला, "माझं जाळं कोणी वाळत घातलं?"

मिझेला पेंबा आठवत नाही. पेंबाच्या लवंगांचा वास कसा येतो हे ती आईकडून ऐकून सांगते. तिचं लग्न इथंच झालं, खतीबशी. तोही तिच्यासारखाच, कागद नसलेला. तो समुद्रात गेला आणि आला नाही. मेल्याचा दाखला मिळाला नाही, कारण जगल्याचा दाखला नव्हता. मिझे ते सांगताना रडत नाही. "कागदावर मी विधवासुद्धा नाही," एवढंच म्हणते.

तिच्या हातातल्या मोबाईलचं कार्ड मेजुमाच्या नावावर. घरातल्या दिव्याचा मीटर मेजुमाच्या नावावर. "मी मेले तर मेजुमाच मेली म्हणून लिहितील," मिझे रांगेत म्हणायची, आणि मेजुमा झारा आपटून म्हणायची, "मग माझ्या आधी मरू नकोस, मला फुकटचं पुरतील."

आणि रया. मिझेची मुलगी रया, हीसुद्धा मेजुमाच्या नावावर.

त्याचं असं झालं. रया हुशार निघाली. शाळेत परीक्षेला बसायचं तर जन्माचा दाखला हवा, आणि दाखल्यावर आईचा किपांडे नंबर हवा. मिझे एका संध्याकाळी मेजुमाच्या दारात जाऊन उभी राहिली. काय मागायचं ते तिला मागता येईना. मेजुमाच म्हणाली, "माझ्या नावावर घाल. मला तरी कोण आहे?" मेजुमाला मूल नव्हतं. दोन नवरे झाले, दोन्ही त्याच कारणावरून सोडून गेले. रयाच्या जन्माच्या वेळी मिझेचे पाय धरून बसलेली तीच होती.

"घालते माझ्या नावावर," मेजुमा म्हणाली होती. "पण नंतर परत मागायची नाही हं."

दोघी हसल्या होत्या. दाखला झाला. रया शिकली, आता तिकडे उकुंडाला दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. घरी आली की मिझेला 'आई' म्हणते आणि मेजुमाला 'मोठी आई', आणि आधी कोणाच्या घरी जेवायचं यावरून दोघींची दरवेळी भांडणं होतात.

आता रयाचं लग्न ठरत होतं. निकाहाच्या कागदावर आईचं नाव येतं. मिझेनं अर्ज केला तो त्यासाठी. चीफनी सांगितलं होतं, सरकार आता पेंबाच्या जुन्या लोकांचे अर्ज घेतंय, नागरिक झालीस तर दाखला दुरुस्त करून घेता येईल. एकदाच, एका कागदावर, 'आई' ह्या शब्दापुढे आपलं नाव असावं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि नेमकं एवढंच ती मेजुमाला सांगू शकली नाही.

मुलाखतीला गेली तेव्हाही, "रयाकडे चाललेय," म्हणून सांगून गेली.

त्या मोठ्या ऑफिसात टेबलामागे एक मॅडम आणि दोन पुरुष होते. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "झेंड्यात रंग किती?"

"चार. काळा, लाल, हिरवा, पांढरा."

"वडील कोणत्या वर्षी आले?"

"वर्ष नाही माहीत. दक्षिणेचं वारं होतं."

"वाऱ्यावर तारीख नसते हो, बाई."

"आमच्याकडे वाऱ्यावरच असते, मॅडम. उत्तरेचं असतं तर आलेच नसते, उलटे गेले असते."

एक पुरुष खोकला. मॅडमनी काहीतरी लिहिलं. "राष्ट्रगीत येतं?"

मिझे उठून उभी राहिली आणि म्हणू लागली. राष्ट्रगीत म्हटल्यावर तिघांनाही उभं राहावं लागलं. पहिलं कडवं झालं तशी मॅडम बसायला वाकल्या, पण मिझेनं दुसरं धरलं. मॅडम परत सरळ झाल्या. तिसऱ्यापर्यंत त्यातल्या जाड्या पुरुषानं टेबलाला हात टेकला होता.

"पुरे, पुरे," बसता बसता मॅडम म्हणाल्या. "आमच्यातल्या कित्येकांना एवढं येत नाही. जा तुम्ही. आता फक्त शेवटची चौकशी. आमचा माणूस गावात येईल, शेजाऱ्यांना विचारेल."

"कधी येईल?"

"सांगून आला तर ती चौकशी कसली?"

तो सांगून आला नाही. मिझे त्या वेळी होड्यांपाशी मासळीची घासाघीस करत होती. तो रांगेच्या पहिल्या कढईपाशी थांबला, आणि पहिली कढई मेजुमाची.

इथं किजिवेनीची एक रीत सांगायला हवी. पोलिसांच्या धाडी पडायच्या त्या काळात गावानं एक गोष्ट ओळखली होती. माणसं पकडली जायची ती लपायला जागा नव्हती म्हणून नव्हे, तर दोन बायका दोन वेगवेगळं बोलल्या म्हणून. एक म्हणाली, तो गावाला गेलाय. दुसरी म्हणाली, तो कोण? संपलं. तेव्हापासून ठरलं की अनोळखी माणूस ज्या बाईला पहिल्यांदा विचारेल, तिचं तोंड ते गावाचं तोंड. ती जे सांगेल तेच शेवटच्या कढईपर्यंत सगळ्यांनी सांगायचं. तिनं झारा कढईच्या काठावर दोनदा वाजवला की ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. ह्या रीतीनं कितीजण वाचले. मिझे स्वतः वाचली.

ती रीत आता मिझेच्याच गळ्यात अडकली होती.

भांडणानंतर ती रांगेतून एकेकीकडे गेली. "शुक्रवारी चल माझ्याबरोबर. एवढंच सांग, ही इथली."

"मी सांगेन गं," तिसऱ्या कढईवरची म्हणाली, "पण मेजुमानं आधी सांगू दे. मी वेगळं बोलले आणि तिनं तेच धरून ठेवलं, तर खोटी कोण? मी का ती? आत कोण जाणार?"

"आता धाडी नाहीत, बाई. आता द्यायला आलेत."

"द्यायला आलेत की घ्यायला ते नंतरच कळतं. मेजुमाला विचार."

चौथी म्हणाली, मेजुमाला विचार. पाचवीनं तोंडानं नाही, हनुवटीनंच पहिल्या कढईकडे दाखवलं. मशिदीपाशी बसणारे म्हातारे तर म्हणाले, बायकांच्या रांगेत ठरलेलं आम्ही कसं मोडायचं?

मिझे परत आपल्या जागेवर येऊन बसली. मेजुमानं तिच्याकडे बघितलं नाही. दोघींनी शेजारी शेजारी मासे तळले. गिऱ्हाईक आलं की मेजुमा म्हणायची, "तिच्याकडे घ्या, तिचे गरम आहेत," नेहमीसारखंच. पण बोलायची ती गिऱ्हाइकाशी.

गुरुवारी रयाचा फोन आला. मिझेनं तिला सगळं सांगितलं.

"मी मोठ्या आईशी बोलू का?" रयानं विचारलं.

"नको. तू बोललीस तर ती तुझ्यासाठी येईल. मला ती माझ्यासाठी यायला हवी."

"आई, हे असलं हट्टाचं बोलणं आता? अर्ज फेटाळला तर?"

"तर तुझ्या निकाहाला मी शेजारीण म्हणून बसेन," मिझे म्हणाली. "त्याची सवय आहे."

शुक्रवारी मिझे नमाजाआधीच चीफच्या ऑफिसात जाऊन बसली. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, टेबल, चार खुर्च्या, आणि दाराबाहेर चपला काढायची फरशी. अंगावर तिनं ईदचा लेसो नेसला होता. लेसो जोडीनं विकत मिळतो, एक कमरेला, एक डोक्यावरून. ही जोडी तिनं आणि मेजुमानं मिळून घेतली होती आणि मधून कापून एकेक वाटून घेतला होता, दरवर्षीसारखाच.

टेबलामागे चीफ मंगाले आणि त्यांच्या शेजारी तो माणूस. वरच्या मुलखातला, तरुण, इस्त्रीचा शर्ट, टेबलाखाली चकचकीत काळे बूट. चीफ म्हणाले, "हे मुसेंबीसाहेब."

हेच ते बूट, मिझेनं मनात म्हटलं.

"बाई, मी तुमच्या विरोधात नाही," मुसेंबी म्हणाला. "पण मी लिहितो ते मला दिसतं ते. मी तुमच्या रांगेत आलो, नऊ-दहा बायकांना विचारलं. शेवटच्या बाईनं तर मी विचारायच्या आतच सांगितलं, नाही ओळखत. आता साक्षीदार कुठंय?"

मिझेनं चीफकडे बघितलं. चीफनी दाराकडे बघितलं. दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

"थोडं थांबू या," चीफ म्हणाले. "चहा?"

चहा आला. मुसेंबीनं अर्धा संपवला. त्यानं घड्याळ पाहिलं नाही, पण मनगट चाळवलं. "साहेब, मला पुढच्या गावात..."

तेवढ्यात आत तळलेल्या तेलाचा वास शिरला आणि त्यामागून मेजुमा. अंगावर ईदच्या लेसोचा दुसरा अर्धा. तिनं चपला दारात फेकल्यासारख्या काढल्या, कोणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढली.

"घाईत आले," ती म्हणाली. "चुलीवर काय ठेवून आले ते मलाच माहीत. विचारा काय ते पटकन."

मुसेंबीनं तिला ओळखलं. तो खुर्चीत जरा मागे झाला. "तुम्ही. पहिली कढई."

"हो. पहिली कढई."

"ह्या बाईंना ओळखता?"

"ओळखते."

"त्या दिवशी ओळखत नव्हता."

"त्या दिवसाचं त्या दिवशी. आजचं विचारा."

चीफनी मिशीवरून हात फिरवला. मुसेंबीनं मिझेच्या लेसोकडे बघितलं, मग मेजुमाच्या. "दोघींच्या अंगावर एकच कापड?"

"एक जोडी, दोन बायका," मेजुमा म्हणाली. "पूर्ण जोडी नवऱ्यानं आणायची असते. नवरे आमचे दोघींचेही राहिले नाहीत."

"किती वर्षं ओळखता?"

"ती दोरीच्या उड्या मारायची तेव्हापासून. माझीच दोरी होती. अजून परत दिली नाही."

"खोटं," मिझे म्हणाली. "दोरी माझ्या बापाची होती. जाळ्याची."

"बघा साहेब, अजून भांडते."

"मला पुरावा हवा, भांडण नको," मुसेंबी म्हणाला, पण त्याचं पेन चालू झालं होतं. "ही बाई सतत इथंच राहिली, मधे कुठं गेली नाही, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

मेजुमानं एक श्वास घेतला. मिझेला तो श्वास माहीत होता. जोरात ओरडायच्या आधी किंवा खरं बोलायच्या आधी ती तसा घ्यायची.

"कारण दरवेळी मीच तिला लपवलं," मेजुमा म्हणाली.

चीफनी कप खाली ठेवला.

"पहिल्यांदा तिचं लग्न व्हायचं होतं. उलट्या घातलेल्या होडीखाली घातलं तिला, आणि वर मी बसले, जाळं शिवत. पोलीस म्हणाला, मावशी, ऊठ. मी म्हटलं, मला उठता येत नाही, पाळी आलीय. पळाला. दुसऱ्यांदा पलीकडच्या आळीत मयत होतं, तिथं बायकांत बसवलं तिला, तोंडावर लेसो घेऊन. ही अशी रडली साहेब, अशी रडली, की मेलेल्याची बायको तिला गप्प करू लागली. मेलेल्याचं नावसुद्धा हिला माहीत नव्हतं."

"हमीसी," मिझे म्हणाली. "नंतर कळलं."

"पोलिसानं दारातून बघितलं आणि टोपी काढली. मग एकदा नवरीच्या खोलीत. मेंदीच्या हातांनी बसवलं. पोलीस म्हणाला, नवरीचं वय जरा..." मेजुमा थांबली, "ते जाऊ दे. हिच्या डाव्या कोपराला भाजल्याची खूण आहे. झारा वाजवताना माझंच तेल उडालं होतं, पळायची घाई होती. बघा."

मिझेनं बाही वर केली. मुसेंबीनं बघितलं, लिहिलं. त्याच्या तोंडाच्या कडा हलत होत्या, पण त्यानं हसू आत ठेवलं.

"मुलं?"

मिझेला वाटलं, आता ही म्हणेल, नाहीत. आणि ते खोटंही म्हणता येणार नाही, कागदावर नाहीतच.

"एक," मेजुमा म्हणाली. "रया खतीब. उकुंडाच्या दवाखान्यात आहे. हिच्या पोटची. कागदावर माझी."

मुसेंबीचं पेन थांबलं. "परत सांगा."

"जन्म हिनं दिला. पाय मी धरले. दाखला माझ्या नावानं काढला, नाहीतर पोरीला परीक्षेला बसू देत नव्हते."

"बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? हा गुन्हा आहे. खोटी नोंद."

"मग लिहा गुन्हा. पण आधी ते लिहा की मी हिला ओळखते."

चीफ आता मधे बोलले. "साहेब, अशा दाखल्यांची इथं कमी नाही. नोंदणीच्या ऑफिसात दोघींनी शपथेवर सांगितलं तर दुरुस्ती होते. मी स्वतः घेऊन जाईन दोघींना."

मुसेंबीनं टेबलावर पेनचं टोपण दोनदा आपटलं. बाहेरून बायकांची कुजबुज ऐकू आली. मिझेनं वळून बघितलं. दारात तिसरी कढई, चौथी कढई, पाचवी. मागे मशिदीपाशी बसणारे म्हातारे. मेजुमा आत काय बोलली ते बाहेर पोचलं होतं. तिसरीनं मान आत घातली.

"साहेब, मीपण ओळखते."

"मीपण!"

"आम्ही सगळ्या ओळखतो. तिच्या माशांत मीठ जास्त असतं, तेपण लिहा."

मुसेंबीनं हात वर केला. "कळलं. एकेक करून. चीफ, यांना रांगेत उभं करा."

"रांगेतच आहेत," चीफ म्हणाले.

तासाभरात बायका एकेक करून बोलून गेल्या. मुसेंबीनं जुना शेरा खोडून नवा लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला: अर्जदार ह्या गावची, लहानपणापासून सतत वास्तव्य, शेजारी ओळखतात, वागणूक चांगली, शिफारस. मिझेचा अंगठा निळ्या शाईत बुडवून त्याखाली टेकवला. "शपथेसाठी बोलावणं येईल. तो दाखला मिळाला की तो घेऊन किपांडेचा अर्ज करा. दाखल्याच्या दुरुस्तीचं चीफ बघतील. तो माझा विभाग नाही, म्हणून मी ते ऐकलं नाही."

मिझेनं अंगठा पुसला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मेजुमाकडे बघितलं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच मेजुमानं नजर चुकवली नाही. मिझेला म्हणायचं होतं, चल, आज तुझ्याकडे जेवू. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

मुसेंबी कागद पिशवीत भरत होता. "एक विचारू, मावशी?" तो मेजुमाला म्हणाला, अगदी सहज, चहाच्या गप्पांसारखं. "फाइलसाठी नाही, माझ्यासाठी. त्या दिवशी मी तुमच्यापाशी आलो तेव्हा पहिलंच वाक्य बोललो होतो, घाबरू नका, पोलीस नाही, नागरिकत्वाच्या ऑफिसातून आलोय, मिझेबाईंचं काम होतंय. दोनदा बोललो. तुम्ही मला पाणीसुद्धा दिलंत. मग सांगितलंत, अशी बाई इथं नाही. असं का?"

चीफ मंगालेनी चहाचा रिकामा कप उचलला आणि परत ठेवला.

मिझेच्या कानात रयाच्या दाखल्याच्या त्या संध्याकाळचं वाक्य वाजलं, नंतर परत मागायची नाही हं, आणि त्यावरचं दोघींचं हसू. तिला कळलं की दोघींपैकी एकच हसली होती.

"मेजुमा?" ती म्हणाली. "त्यानं तुला सांगितलं होतं?"

मेजुमा उठली. खुर्ची होती तिथं नीट सरकवली. डोक्यावरून लेसो ओढून घेतला, दारापाशी वाकून चपला उचलल्या, त्या पायात न घालता हातातच धरल्या, बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी वाट दिली, आणि ती त्यांच्यामधून गरम वाळूत उतरून कढयांच्या दिशेनं चालत निघून गेली.